दूध संस्थेतली 'लेटेस्ट' इमेज आणि आमची बिल्ड स्क्रिप्ट

सकाळी पावणेसहाला फोन आला. आमचं सॉफ्टवेअर दूध संकलनाचं आहे, म्हणजे गावातल्या दूध संस्थेत एक छोटा पीसी असतो, त्यावर लिनक्स आणि डॉकर (ॲप त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर), आणि त्यात आमचा कंटेनर, म्हणजे तो डबा, चालतो, सभासद कॅन घेऊन येतो, वजन होतं, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागतं, दर निघतो आणि पावती छापून हातात येते. सचिव म्हणाले, "साहेब, काल सांजच्याला दर बरोबर हुता, आज म्हशीच्या दुधाला कमी दाखवतोय, माणसं रांगेत उभी हाईत."

लॅपटॉप उघडून त्या पीसीवर लॉगिन केलं. ज्या म्हशीच्या दुधाला बरोब्बर ६.० फॅट येत होतं त्याला खालच्या पायरीचा दर लागत होता, ६.१ ला बरोबर, ५.९ ला बरोबर, फक्त ६.० ला चूक. आता ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ हा म्हशीच्या दुधाचा पायाच, तिथंच चूक म्हणजे रांगेतल्या कितीतरी जणांचे पैसे कमी. रात्री अपडेट ओढलं गेलं होतं हे कळलं, म्हणून म्हटलं आधी मागच्या इमेजवर (इमेज म्हणजे कंटेनर ज्यावरून चालू होतो तो तयार साचा) जाऊ आणि मग शोधू काय झालंय ते. पण मागची इमेज कुठली? पीसीवर एकच नाव, लेटेस्ट. रजिस्ट्रीवर, म्हणजे इमेज ठेवायच्या सर्व्हरवर, एकच नाव, लेटेस्ट. आणि अपडेट झाल्यावर जुनी इमेज पुसून टाकायची ओळ आम्हीच लिहिलेली होती, डिस्क भरू नये म्हणून. परत जायला जागाच नव्हती. त्या दिवशी सचिवांनी वहीत हातानं लिहून दूध घेतलं आणि मी दुपारपर्यंत त्यांच्याशी फोनवर आकडे जुळवत बसलो.

पण मला खरा धक्का बसला तो नंतर. कंटेनरमधली दर काढणारी फाइल डॉकर सीपी करून बाहेर काढली आणि ती कुठल्या कमिटमधली आहे ते शोधायला लागलो (गिट हे कोडचा इतिहास ठेवणारं साधन, कमिट म्हणजे त्यातली बदलांची एक नोंद). त्यासाठी एक चांगली युक्ती आहे, गिट हॅश-ऑब्जेक्टला फाइल दिली की तो त्या मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, देतो, आणि गिट लॉगला --फाइंड-ऑब्जेक्ट लावून तो हॅश दिला की ती फाइल जशीच्या तशी कुठल्या कमिटमध्ये आली-गेली ते सांगतो. सगळ्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या सगळ्या फांद्यांवर, शोधलं. उत्तर रिकामं. म्हणजे गावात लोकांचे पैसे ठरवणारा जो कोड चालत होता तो आमच्या रिपोमध्ये, म्हणजे गिटमधल्या कोडच्या साठ्यात, कधी नव्हताच! टीममधल्या एकानं दराच्या पायऱ्यांचं काम अर्धवट केलेलं होतं, मोठं-किंवा-सारखं च्या जागी नुसतं मोठं झालेलं, ते कमिट न करता तसंच लॅपटॉपवर पडलेलं, आणि त्याच लॅपटॉपवरून त्यानं दुसऱ्याच एका दुरुस्तीसाठी इमेज बनवून पुश केली. त्याला मी काही बोललो नाही, कारण आमची पद्धतच तशी होती, एका टेक्स्ट फाइलमध्ये चार कमांड लिहिलेल्या आणि ज्याच्या हातात वेळ असेल त्यानं त्या चिकटवायच्या.

त्या आठवड्यात मी बाकी सगळं बाजूला ठेवून स्क्रिप्ट लिहायला बसलो. ठरवलं एकच, की इमेजचं नाव माणसानं ठेवायचं नाही, ते गिटमधूनच आलं पाहिजे.

बॅश स्क्रिप्ट, वर सेट -ई, -यू आणि पाइपफेल, म्हणजे एक जरी कमांड फसली किंवा एखादा व्हेरिएबल ठरवलेलाच नसला तरी तिथंच थांबणार. मग नावासाठी गिट डिस्क्राइब. ज्यांनी वापरलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हा तुमच्या आत्ताच्या कमिटच्या मागचा सगळ्यात जवळचा टॅग (कमिटला चिकटवलेलं नाव) शोधतो आणि टॅगचं नाव, त्यानंतर झालेल्या कमिटची संख्या आणि शेवटी जी हे अक्षर लावून कमिटच्या हॅशची पहिली काही अक्षरं असं एक नाव बनवून देतो, आणि --डर्टी लावलं तर कमिट न केलेले बदल असताना नावामागं डर्टी जोडतो. मला वाटलं झालं काम. चालवून बघितलं तर नाव आलं १.९.० नंतर २१२ कमिट. आम्ही तर २.३ वर होतो! तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की गिटमध्ये टॅग दोन प्रकारचे असतात. नुसतं गिट टॅग आणि नाव दिलं की तो साधा टॅग, कमिटकडं बोट दाखवणारी एक चिठ्ठी, बाकी काही नाही. -ए लावून केला की तो ॲनोटेटेड, त्यात कुणी केला, कधी केला, काय संदेश ते सगळं जपलं जातं, आणि डिस्क्राइब मुद्दाम सांगितल्याशिवाय फक्त ॲनोटेटेडच बघतो. १.९.० नंतर कुणीतरी -ए लावायचं सोडलं आणि पुढं सगळ्यांनी तसंच उचललं. --टॅग्ज लावून साधे टॅगही धरता येतात, पण मी तसं केलं नाही, रिलीजचा टॅग कुणी आणि कधी लावला हे कळलंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय गिट पुशला --फॉलो-टॅग्ज लावलं की ॲनोटेटेड टॅग कमिटसोबत आपोआप वर जातात, साधे जात नाहीत, तेही बरंच.

दुसरं, --डर्टीवर पूर्ण भरवसा ठेवू नका. तो फक्त गिटला माहीत असलेल्या फाइलमधले बदल बघतो. नवीन फाइल बनवली आणि गिट ॲड केलंच नाही तर त्याच्या लेखी सगळं स्वच्छ, पण डॉकरफाइलमधलं (इमेज बनवायच्या पायऱ्यांची फाइल) कॉपी मात्र ती फाइल उचलून इमेजमध्ये घालतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये गिट स्टेटस --पोर्सिलेन बघतो, त्यात एक ओळ जरी आली तरी थांबतो. संदेश मराठीतच लिहिलाय, "थांबा, खालच्या फाइल कमिट झालेल्या नाहीत", आणि खाली यादी. नंतर मी त्याही पुढं गेलो, कामाच्या फोल्डरमधून बिल्ड करणंच बंद केलं. स्क्रिप्ट एक तात्पुरतं फोल्डर बनवते, गिट आर्काइव्हनं कमिटमधला कोड त्यात उतरवते, तिथून बिल्ड करते आणि शेवटी ते पुसते. जे कमिटमध्ये नाही ते इमेजमध्ये जाऊच शकत नाही.

आता कॅश, म्हणजे आधी बनवलेलं जपून पुन्हा वापरायची सोय. इथं मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं आणि सगळ्यात जास्त वेळही इथंच गेला.

आमचं ॲप जँगोमध्ये (पायथनमधली वेब ॲप बनवायची चौकट) आहे. दहा दिवसांची बिलं मराठीत पीडीएफ होऊन निघतात, त्यासाठी पँगो (अक्षरं नीट मांडणारी लायब्ररी) आणि देवनागरी फाँट लागतात, अहवालांसाठी पांडाज (आकडेवारीची लायब्ररी), आणि स्क्रीनसाठी थोडं नोडचं बिल्ड. पहिल्यापासून बनवायला १४ मिनिटं लागायची. डॉकरफाइलमधली प्रत्येक पायरी ही एक थर समजा, वरची पायरी बदलली नसेल तर डॉकर जुना थर तसाच वापरतो, पण एकदा एक पायरी बदलली की तिच्या खालच्या सगळ्या पुन्हा. आमच्या फाइलमध्ये दुसऱ्याच ओळीला सगळा कोड कॉपी होत होता आणि त्याखाली पिप इन्स्टॉल, म्हणजे पायथनची पॅकेज उतरवणं. म्हणजे कुणी एका बटणाचं नाव बदललं तरी पांडाज पुन्हा उतरवा! क्रम उलटा केला, आधी ॲप्टनं (डेबियन लिनक्सवर पॅकेज बसवणारं साधन) पँगो आणि फाँट, कारण ते महिनोन्महिने बदलत नाही, मग फक्त रिक्वायरमेंट्सची, म्हणजे लागणाऱ्या पायथन पॅकेजच्या यादीची, फाइल कॉपी, मग पिप, आणि सगळ्यात शेवटी आमचा कोड. ॲप्ट अपडेट आणि इन्स्टॉल एकाच रनमध्ये ठेवायचं हेही तेव्हाच दुरुस्त केलं, वेगळं ठेवलं तर अपडेटचा जुना थर कॅशमध्ये राहतो आणि काही महिन्यांनी इन्स्टॉलला सर्व्हरवर नसलेल्या पॅकेजचा पत्ता मिळतो.

एवढ्यानं माझ्या लॅपटॉपवर दीड मिनिटात बिल्ड व्हायला लागलं. खूश होऊन मी कमिटचा हॅश इमेजच्या आत टाकायचं काम घेतलं, म्हणजे संस्थेच्या स्क्रीनवर खाली तो दिसेल. डॉकरफाइलमध्ये वरच, फ्रॉमच्या खाली, आर्ग (बिल्डच्या वेळी बाहेरून किंमत घेणारी ओळ) लिहिला आणि बिल्डला हॅश दिला. परत १४ मिनिटं! आधी वाटलं नेट हळू आहे, पुन्हा चालवलं तर दीड मिनिट, मग एक कमिट केलं की परत १४. कारण असं, की आर्ग जाहीर झाल्यावर त्याच्या खालच्या प्रत्येक रनला तो मिळतो, वापरा नाहीतर नका वापरू, आणि त्याची किंमत बदलली की डॉकर म्हणतो परिस्थिती बदलली, थर पुन्हा बनवा. हॅश तर प्रत्येक कमिटला बदलणारच. आर्ग उचलून फाइलच्या अगदी शेवटी नेला, त्याच्यानंतर फक्त एन्व्हची एक ओळ, एकही रन नाही. लेबल तर डॉकरफाइलमध्ये ठेवलीच नाहीत, बिल्ड कमांडलाच --लेबल देऊन टाकतो, कुठला रिपो, कुठलं कमिट, कमिट कधीचं. तारखेत आत्ताची वेळ टाकायची नाही, कमिटची वेळ टाकायची, म्हणजे एकच कमिट दोनदा बिल्ड केलं तरी लेबल सारखंच राहतं.

मग सीआय, म्हणजे कोड वर गेला की आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारी यंत्रणा. तिथं रनर (बिल्ड चालवणारं मशीन) दर वेळी कोरा मिळतो, त्याच्याकडं आधीचे थर नसतात, म्हणून कॅश रजिस्ट्रीवरच ठेवायची आणि तिथून ओढायची, बिल्डएक्सला (डॉकरचं बिल्ड करायचं साधन) --कॅश-टू आणि --कॅश-फ्रॉम देऊन. पहिल्या झटक्यात एरर आला की डॉकर ड्रायव्हर कॅश बाहेर द्यायला तयार नाही, त्यासाठी बिल्डएक्स क्रिएट करून डॉकर-कंटेनर जातीचा बिल्डर बनवावा लागला, आणि त्यात बनवलेली इमेज डॉकर इमेजेसमध्ये दिसत नाही, --लोड किंवा --पुश द्यावंच लागतं, नाहीतर इमेज गेली कुठं म्हणून आपण शोधत बसतो. ते झालं तरी सीआयवर वेळ नऊ मिनिटांच्या खाली येईना. आमचं डॉकरफाइल दोन टप्प्यांचं आहे, पहिल्यात कंपायलर वगैरे घेऊन सगळं बनवायचं आणि दुसऱ्यात फक्त तयार माल उचलायचा. कॅशची मूळ सेटिंग मिन, म्हणजे शेवटच्या इमेजमध्ये जे थर जातात तेवढेच जपले जातात, आणि आमचा सगळा वेळखाऊ भाग तर पहिल्या टप्प्यात! मोड मॅक्स केल्यावर तोही जपला जायला लागला. एक लक्षात ठेवा, रनला माउंट लावून पिपची जी कॅश ठेवतो ती यातून बाहेर जात नाही, ती त्या त्या मशीनपुरतीच.

तरीही काहीतरी खटकत होतं. माझ्या लॅपटॉपवरून वर गेलेली कॅश सीआयला लागत नव्हती, सीआयची मला लागत नव्हती. रिक्वायरमेंट्सच्या फाइलचा एमडी५ दोन्हीकडं सारखा, गिटप्रमाणं काही फरक नाही, पण कॉपीची ती ओळ दोघांनाही नवीनच वाटायची. दोन दिवस मी यात होतो. शेवटी दोन्हीकडं स्टॅट (फाइलची माहिती दाखवणारी कमांड) चालवून आउटपुट शेजारी-शेजारी ठेवलं आणि दिसलं, माझ्याकडं फाइलची परवानगी ६६४, सीआयवर ६४४. गिट परवानगीतला फक्त चालवता-येण्याचा बिट जपतो, बाकीचं त्या मशीनचा उमास्क (नव्या फाइलला कुठल्या परवानग्या द्यायच्या नाहीत ते सांगणारी सेटिंग) ठरवतो, माझा ००२ आणि त्याचा ०२२. आणि डॉकर कॅश जुळवताना फाइलची वेळ बघत नाही, पण परवानगी बघतो! नुसता एक अंक, आणि त्याखालचे सगळे थर वाया. गिट आर्काइव्हचा रस्ता आधीच धरलेला होता त्यामुळं दुरुस्ती सोपी झाली, त्याला टार.उमास्क ०२२ सांगितलं आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीलाही उमास्क ०२२ लिहिलं. दोन्ही लागतात, कारण आर्काइव्हची टार फाइल उघडणारा साधा यूजर असेल तर त्याचा स्वतःचा उमास्क लागतो आणि रूट असेल तर आर्काइव्हमध्ये जे आहे तेच उतरतं. त्या संध्याकाळी सीआयवरचं बिल्ड पहिल्यांदा दोन मिनिटांच्या आत आलं, मी घरी न जाता तीनदा चालवून बघितलं.

नावांचा अजून एक घोळ सांगायचा राहिला. सीआयवर गिट डिस्क्राइब फसत होता, कारण तिथं क्लोन फक्त शेवटच्या एका कमिटचा होतो, टॅग येतच नाहीत. आणि स्क्रिप्टच्या पहिल्या आवृत्तीत मी लिहून ठेवलेलं की डिस्क्राइब फसला तर नाव लेटेस्ट धर. म्हणजे ज्या नावामुळं एवढं रामायण झालं त्याच नावानं इमेज गुपचूप वर जात होत्या, आणि तीन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. ती ओळ काढली, सीआयला पूर्ण इतिहास आणि टॅग आणायला सांगितलं. फसलं तर फसू दे, पण मोठ्यानं फसू दे. ब्रँचच्या नावातला तिरका दांडाही इमेजच्या टॅगमध्ये चालत नाही, अधिकचं चिन्ह चालत नाही, १२८ अक्षरांची मर्यादा आहे, तर कॅशला ब्रँचचं नाव देताना इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंब, अंडरस्कोर आणि आडवी रेघ सोडून बाकी सगळ्याची आडवी रेघ करतो. नवीन ब्रँचला स्वतःची कॅश नसते म्हणून --कॅश-फ्रॉम दोनदा देतो, एकदा ब्रँचची आणि एकदा मेन या मुख्य ब्रँचची.

मग माझ्या लक्षात आलं की डिस्क्राइबचं नाव इमेजच्या आत टाकणं चुकीचं आहे. आज एखादं कमिट २.३.१ नंतरचं सातवं असतं, टेस्टिंग होतं, सगळं बरं वाटतं आणि चार दिवसांनी त्याच कमिटला आपण २.४.० टॅग लावतो. तेव्हा पुन्हा बिल्ड केलं तर जी इमेज तपासली ती सोडून दुसरीच गावात जाणार. म्हणून आता बिल्ड कमिटला एकदाच होतं, नाव म्हणजे कमिटचा हॅश, आतही फक्त हॅशच. ते नाव रजिस्ट्रीवर आधीच असेल तर स्क्रिप्ट बिल्ड करतच नाही. गिटमध्ये रिलीजचा टॅग आला की बिल्डएक्सच्या इमेजटूल्स क्रिएटनं त्याच इमेजला दुसरं नाव लागतं, थर तेच, काही ओढणं नाही, काही बनवणं नाही. मूल आधी जन्मतं आणि बारसं नंतर होतं तसं.

याचा खरा फायदा गावात दिसला. तिथलं नेट कसं असतं सगळ्यांना माहीत आहे, पूर्वी प्रत्येक अपडेटला पिपचा अख्खा थर पुन्हा उतरायचा आणि कितीतरी वेळा रात्रभरात पूर्ण व्हायचा नाही. आता बदलतो फक्त शेवटचा आमच्या कोडचा थर, काही एमबीचा. पण कॅशची दुसरी बाजू अशी की ती जुनंच धरून बसते, डेबियननं सुरक्षेची दुरुस्ती दिली तरी ॲप्टची ओळ तीच म्हटल्यावर थर जुनाच. त्यामुळं दर रविवारी रात्री --पुल आणि --नो-कॅश लावून सगळं पहिल्यापासून बनवून टेस्ट चालवतो. ती इमेज लगेच गावात मात्र पाठवत नाही, कारण पॅकेज तीच असली तरी नव्यानं बनलेला थर वेगळा धरला जातो आणि प्रत्येक संस्थेला सगळं पुन्हा उतरवावं लागतं. महिन्यातून एकदा पाठवतो, काही गंभीर असेल तर लगेच. मूळ पायथनची इमेजही नावानं घेत नाही, तिचा पूर्ण शा२५६ डायजेस्ट, म्हणजे त्याच इमेजचा हॅश, लिहितो, आणि तो बदलणं हे आता एक साधं कमिट आहे, रिव्ह्यू होऊन आत जातं.

गेल्या पावसाळ्यात एका संस्थेत पावतीवर सभासदाचं नाव अर्धवट छापायला लागलं. सचिवांना म्हटलं, स्क्रीनवर खाली बारीक अक्षरं दिसतायत ती वाचा. त्यांनी एकेक करून सात अक्षरं वाचली, मी गिट शोला दिली आणि कमिट समोर आलं, कुणाचं, कधीचं, काय बदललं सगळं. मागच्या हॅशवर परत न्यायला काही मिनिटं लागली, कारण शेवटच्या तीन इमेज आता पीसीवर ठेवतोच आणि थर तिथंच होते. पावत्या छापणं थांबलं नाही.

सध्या काम चाललंय रजिस्ट्री साफ करण्याचं. प्रत्येक कमिटची इमेज म्हणजे जागा भरतेच, पण नुसतं ९० दिवसांपूर्वीचं सगळं पुसा असं लिहिलं तर एखाद्या संस्थेत जी चालू आहे तीच जायची. म्हणून आता प्रत्येक पीसी रात्री आपला हॅश कळवतो, त्याची यादी बनते, आणि पुसणारी स्क्रिप्ट त्या यादीतले आणि टॅग लागलेले हॅश सोडून बाकीच पुसते. कालच यादी बघितली तर सगळ्यात जुना हॅश गेल्या गणपतीतला निघाला, राधानगरीकडच्या एका वाडीतला, तिथं रेंजच नीट येत नाही म्हणून अपडेट उतरलेलंच नाही. तिथं पुढच्या आठवड्यात मी स्वतः पेनड्राइव्हवर इमेज घेऊन जाणार आहे, डॉकर सेव्ह करून ठेवलीये.